थापाड्यांच्या टेबलावरचं कार्ड

ओपलच्या हॉटेलात खिडकीजवळ एक गोल टेबल आहे. तिथे रोज सकाळी चार म्हातारे येऊन बसतात. सगळं गाव त्याला थापाड्यांचं टेबल म्हणतं आणि त्या चौघांना त्याचा फार अभिमान आहे. हॉबर्ट पूर्वी न्हावी होता. कात्री सुटली, पण जीभ चालूच राहिली. रॉस्को पोस्टात होता, तो सगळ्यांचं ऐकतो आणि स्वतः फारसं बोलत नाही. व्हर्जिलकडे अजून थोड्या गाई आहेत आणि ऐकू येणारा एक कान. चौथे एल्झी. त्यांनी आयुष्यभर शाळेची बस चालवली. आमच्या खोऱ्यातली अर्धी माणसं लहानपणी त्यांच्या बसमध्ये ओकलेली आहेत.

एल्झी माझे सासरे. म्हणजे होते. त्यांच्या मुलाशी, डॅरेलशी, माझा घटस्फोट झाला त्याला बरीच वर्षं झाली. सासऱ्याशीही वेगळा घटस्फोट घ्यायचा असतो हे मला कुणी सांगितलं नाही, त्यामुळे तो राहून गेला. घरात सगळे त्यांना पॅप म्हणायचे, मी अजून म्हणते. मी त्या हॉटेलात वाढायचं काम करते. कॉफी ओतते, ताटं नेते, गल्ल्याशी उभी राहून बिलं करते आणि त्या टेबलासाठी आकडा काढते.

आकड्याची भानगड अशी. बिल कुणी द्यायचं हे ते चौघं आकड्यावर ठरवतात. मी शंभराच्या आतला एक आकडा पावतीच्या पाठीवर लिहायचा आणि एप्रनच्या खिशात टाकायचा. मग एकेकानं आकडा बोलायचा. मी 'वर' म्हणायचं नाहीतर 'खाली'. जागा आवळत जाते आणि ज्याच्या तोंडून नेमका तोच आकडा निघतो तो हरतो. त्या दिवशी सगळ्यांची कॉफी, अंडी आणि सॉसेजच्या दाट रश्श्यात बुडवलेली ओपलची मऊ बिस्किटं त्याच्या खात्यावर. हरलेल्याची बाकीच्यांनी यथेच्छ खेचायची. हरलेल्यानं मात्र तोंड वाकडं करायचं नाही. पाकीट असं काढायचं, की जणू तो आल्यापासून त्याचीच वाट बघत होता.

पॅपचं पाकीट सगळ्यांत झटकन निघायचं. माझी सासू इनेझ होती तोवर पैशाचं सगळं तीच बघायची. दर सोमवारी त्यांच्या शर्टाच्या खिशात घडी घातलेल्या नोटा ठेवायची, आणि त्या कुठे गेल्या हे कधी विचारायची नाही. ती गेली आणि बँकेनं त्यांना कार्ड दिलं. पॅपना ते कार्ड फार आवडलं. कधी संपतच नाही म्हणाले.

जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे बीन्स आणि मक्याचा पाव घेऊन गेले. दार उघडलं तर अंगात कोट आणि डोक्यावर कानटोपी.

"कुठे निघालात?"

"नाही, आत्ताच आलो बाहेरून."

बाहेर बर्फ पडलं होतं आणि त्यांच्या पायरीवर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. थापाड्यांच्या टेबलावर इतकी वर्षं बसूनही खोटं बोलण्यात ते कच्चेच राहिले. मी आत गेले. घरात बोलताना माझ्या तोंडातून वाफ निघत होती. स्वयंपाकघरात विजेचा एक छोटा हीटर, त्याच्यासमोर खुर्ची, खुर्चीत ब्लँकेट आणि ब्लँकेटावर कुत्रा. मी मागच्या अंगणात जाऊन घर तापवायच्या गॅसच्या टाकीवर टकटक केलं. घंटा वाजवल्यासारखी वाजली, म्हणजे रिकामी.

"गॅसवाल्याला फोन केलात?"

"केला. तो म्हणतो, आधी पैसे."

"मग? तुमची पेन्शन तर झाली की."

"झाली. होते पैसे. मग नव्हते."

"असं कसं? काही मोठं घेतलंत का?"

"पाव घेतला. याचं खाणं घेतलं." त्यांनी कुत्र्याकडे हात केला. कुत्र्यानं मान फिरवली. "आणि मधे मी एकदा हरलो, ते तुला माहीतच आहे. तूच आकडा काढलास."

दुसऱ्या दिवशी सकाळची गर्दी ओसरल्यावर मी एप्रन काढला आणि त्यांना घेऊन रस्ता ओलांडून बँकेत गेले. काउंटरवर मकेना होती. तीही पॅपच्या बसमधली. ती अजून त्यांना बघून आधी खांदे ताठ करते, मग बोलते.

"मिस्टर एल्झी, हे बघा." तिनं संगणक आमच्याकडे वळवला. "हे ओपलकडचे अठरा डॉलर. त्या दिवशी खात्यात अकराच होते. मग वरचे बँकेनं भरले."

"बरं केलं बँकेनं," पॅप म्हणाले.

"आणि त्याचे पस्तीस घेतले."

पॅपनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "अठराला पस्तीस?"

"सातला पस्तीस," मी म्हणाले.

"आणि हा पाव. त्याच दिवशीचा. त्याचेही पस्तीस. आणि हे कुत्र्याचं खाणं..."

"म्हणजे तो पाव मला जवळजवळ चाळीस डॉलरला पडला?"

"हो, मिस्टर एल्झी."

"पाव काही एवढा खास नव्हता गं."

मकेनाला हसावं की नाही ते कळेना. ती म्हणाली, "याला ओव्हरड्राफ्टची सोय म्हणतात."

"कुणाची सोय?" मी विचारलं.

"मिस ग्लेना, मी फक्त काउंटरवर बसते."

तेही खरंच होतं. तिनं आवाज खाली आणून नीट सांगितलं. कार्डाला ही सोय आपण होऊन कुणी जोडत नाही, गिऱ्हाइकानं हो म्हणावं लागतं. पॅपनी हो म्हटलं होतं. त्यांना आठवलंही. इनेझ गेली त्याच महिन्यात फोन आला होता. "एका मुलीचा होता. आवाज गोड होता तिचा. म्हणाली, अडीअडचणीला कार्ड अडकलं तर चालेल का तुम्हाला? मी म्हटलं, नाही बाई, अडकू नये. कोण म्हणेल अडकू दे?"

"नको असेल तर आत्ता काढता येते," मकेना म्हणाली. "एक सही करायची. पैसे लागत नाहीत. मग खात्यात नसतील तर कार्ड चालणार नाही आणि दंडही बसणार नाही. फक्त चेक आणि महिन्याच्या महिन्याला आपोआप जाणारी बिलं यात येत नाहीत, तिथे तुम्हालाच लक्ष ठेवावं लागेल."

तिनं कागद पुढे सरकवला. पॅपनी पेन उचललं. टोपण काढलं. आणि थांबले.

"चालणार नाही म्हणजे कुठे चालणार नाही?"

"कुठेच नाही. दुकानात, पेट्रोलला, हॉटेलात."

"हॉटेलात," पॅप म्हणाले. त्यांनी टोपण परत लावलं, पेन तिच्या बाजूला ठेवलं आणि टोपी डोक्यावर घातली. "विचार करतो."

मी त्यांना ओढत माझ्या गाडीत नेलं, कारण गाडीचा हीटर तरी चालू होता. "पॅप, तुमच्या गॅसचे पैसे त्या कार्डानं खाल्लेत."

"मी बहिरा नाही, पोरी. व्हर्जिल आहे."

"मग अडलं कुठे?"

ते समोरच्या काचेतून ओपलच्या हॉटेलाकडे बघत राहिले. "व्हर्जिलचा मेव्हणा आठवतो? आपल्या टेबलावर बसायचा. एकदा त्याचं कार्ड चाललं नाही. पुन्हा आला का तो?"

"तो फ्लोरिडाला राहायला गेला, पॅप."

"त्यामुळेच गेला."

मी हीटर जरा वाढवला. मग तेच बोलले. "थंडीचं काही नाही गं. कोट आहे, कुत्रा आहे. पण त्या तिघांनी एकदा मला तसं बघितलं ना, बिचारा एल्झी म्हणून, की मग मी तिथे बसू शकणार नाही. आणि तिथे बसलो नाही तर सकाळी उठून करू काय? मला सांग. उठायचं कशाला?"

इनेझ गेल्यावर पहिले काही आठवडे ते खरंच उठत नव्हते. हॉबर्टनं रोज सकाळी गाडी घेऊन जायचं आणि दारात उभं राहून हॉर्न वाजवत बसायचं, शेजारच्यांच्या शिव्या खात, असं करून त्यांना उठवलं होतं. हे मला ठाऊक होतं, म्हणून मी आवाज चढवला नाही.

"बरं, मला सांगा, कार्ड कोण चालवतं?"

"तू."

"कुठे?"

"मशीनवर."

"आणि मशीन कुठे आहे?"

"केकच्या कपाटामागे."

"टेबलावरून दिसतं?"

पॅपनी माझ्याकडे बघितलं. आमच्याकडे कार्ड टेबलावर कधीच चालत नाही. वाढणारी ते घेऊन जाते, आत कुठेतरी काय करायचं ते करते आणि पावती घेऊन येते. गिऱ्हाईक सही करतं. मधल्या वेळात काय झालं हे मला आणि मशीनलाच माहीत.

"नाही चाललं तर मी नेहमीसारखी पावती आणून ठेवेन. तुम्ही नेहमीसारखी सही ठोका. पैसे महिन्यातल्या त्या बुधवारी पेन्शन आली की मला द्या. झालं."

"आणि तू तोंड बंद ठेवशील?"

"मी तुमच्या मुलाबरोबर इतकी वर्षं नांदले, पॅप. तोंड बंद ठेवूनच नांदले."

ते खूप वेळ हसले. मग गाडीतून उतरले, परत आत गेले आणि सही केली. मकेनानं तिच्या साहेबाला विचारून एका वेळचे पस्तीस परत मिळवून दिले. एकाच वेळचे देता येतात म्हणाली. ते आणि खात्यात राहिलेलं थोडंफार घेऊन आम्ही गॅसवाल्याकडे गेलो. त्याच्या बायकोला पॅपनी शाळेत पोचवलेलं होतं, त्यामुळे त्यानं कुरकुरत का होईना पाव टाकी भरून दिली.

पुढे थोडे दिवस सगळं सुरळीत चाललं. फेब्रुवारीत पॅप एकदा हरले आणि कार्ड चाललं नाही. मशीननं नुसतं एक लहानसं 'नाही' दाखवलं, आवाजसुद्धा केला नाही. मी माझ्या एप्रनमधल्या सुट्या पैशांतून बिल भरलं, पावती नेली, त्यांनी सही केली, हॉबर्टनं त्यांना दोन शिव्या हासडल्या. सगळं ठरल्याप्रमाणे. बुधवारी त्यांनी कागदी रुमालात गुंडाळून मला पैसे दिले, वर एक डॉलर जास्त.

पण मी कपाटामागे उभी असताना केकच्या थाळ्यांच्या फटीतून मला त्यांचा चेहरा दिसला होता. तिघं कशावर तरी हसत होते आणि पॅप हातात कप धरून कपाटाकडे बघत बसले होते, दवाखान्यात आपलं नाव पुकारायची वाट बघतात तसे. बिस्किटाला हातसुद्धा लावला नव्हता. ते मला बघवेना.

आकडा माझ्या खिशात होता. खिशातली पावती बाहेर काढून दाखव असं त्या टेबलावर कुणी कधी म्हटलेलं नव्हतं. तेव्हा पेन्शनच्या आधीचे दिवस आले, की मी आकडा जरासा सरकवायला लागले. पॅपनी बरोबर आकडा म्हटला तर 'वर' म्हणायचं, की तो पुढे रॉस्कोच्या नाहीतर हॉबर्टच्या गळ्यात पडायचा. हॉबर्टला परवडतं, त्याची बायको नर्स होती, तिची पेन्शन त्याच्यापेक्षा मोठी आहे.

"एल्झी," हॉबर्ट एकदा म्हणाला, "तू सैतानाशी काही सौदा केलास का रे? हरतच नाहीस."

"देवाशी केलाय. म्हटलं, तुझी पोरं मी बसमधून नेली-आणली, आता माझी न्याहारी तू बघ."

"देवानं ती माझ्यावर ढकलली की!"

पॅप खुलले. यायचे तेच शीळ घालत. आपलं नशीब पालटलंय अशी त्यांची इतकी खात्री पटली, की एक दिवस त्यांनी येताना पेट्रोलपंपावरून लॉटरीचं तिकीटही आणलं. ते लागलं नाही, आणि मला त्याच वेळी शहाणपण यायला हवं होतं.

मार्चमध्ये एका सकाळी हायस्कूलच्या बास्केटबॉलवाल्या मुली सामन्याला निघाल्या होत्या, त्यांची बस ओपलकडे थांबली. सगळीकडे लांब लांब पाय आणि सरबतं. दोन्ही हातांवर ताटं घेऊन मी त्यांच्यातून वाट काढत होते आणि जाता जाता थापाड्यांच्या टेबलाला उत्तरं देत होते.

"एक्केचाळीस," हॉबर्ट ओरडला.

"वर!"

"त्रेचाळीस," रॉस्को म्हणाला.

"खाली!"

मग पॅपची पाळी आली. त्यांनी उसासा टाकला, पाकिटाकडे हात नेला आणि हसत म्हणाले, "हं. बेचाळीस."

"वर!" मी म्हणाले आणि पुढे गेले.

माझ्या मागे टेबल गप्प झालं. ते टेबल कधी गप्प होत नाही, म्हणून मी वळले. व्हर्जिल आपला चांगला कान माझ्याकडे करून, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखा विचारत होता, "ग्लेना, बेचाळीसच्या वर आणि त्रेचाळीसच्या खाली कुठला आकडा असतो गं?"

रॉस्कोनं मान खाली घातली. हॉबर्टनं तोंड उघडलं आणि चक्क मिटलं. पॅप माझ्याकडे बघत होते. मी काही म्हणायच्या आत त्यांना सगळं समजलं. देवाचा सौदा, लॉटरीचं तिकीट, सगळं. त्यांनी पाकीट खिशात ठेवलं, टोपी घातली, त्या मुलींना "सॉरी हं, जाऊ द्या जरा" म्हणत म्हणत बाहेर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. हॉबर्टनं त्यांच्या खुर्चीवर आपली टोपी ठेवली, दुसरं कुणी बसू नये म्हणून. तो त्यांच्या दारात जाऊन हॉर्नही वाजवून आला. आतून कुत्रा भुंकला, बाकी काही नाही. तिघं जण आकडा खेळायचे, पण त्यात जीव नव्हता. मला कुणी काही बोललं नाही. रॉस्को रोजच्यापेक्षा जास्त टिप ठेवायला लागला, ते मला जास्त लागलं.

मी पॅपकडे गेले. या वेळी त्यांच्या अंगात कोट नव्हता, घर ऊबदार होतं. त्यांनी मला आत घेतलं, कॉफी दिली आणि समोर बसले.

"चुकलं माझं," मी म्हणाले.

"बँकेनं मला न कळू देता माझी सोय केली. तूही तेच केलंस."

"मी पस्तीस डॉलर घेतले नाहीत, पॅप."

"नाही. पण बँकेला काउंटरवर जाऊन सांगता आलं, की मला ही सोय नको. तुला कुठल्या काउंटरवर जाऊन सांगू?"

"मी इथेच बसलेय. सांगा."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मग टेबलावर हात ठेवून म्हणाले, "मला नको."

"बरं. सही लागेल?"

"तोंडी चालेल," ते म्हणाले, पण हसले नाहीत. "यात आकड्याची लबाडी आली आणि कार्ड नाही चाललं तर तू बिल भरणंही आलं. माझं कार्ड नाही चाललं तर नाही चाललं. मग माझं मी बघीन."

"म्हणजे तुम्ही येणार?"

"ते मला अजून माहीत नाही. आता त्या तिघांना कळलंय, की तू मला सांभाळून घेत होतीस. का, तेवढं कळायचंय. ते काय काय तर्क करत असतील, देव जाणे. हॉबर्टनं तर मला एव्हाना जुगारी ठरवलं असेल."

हॉबर्टनं खरंच तसं म्हटलं होतं. पण ते मी सांगितलं नाही.

पुढच्या मंगळवारी, पेन्शनच्या आदल्या दिवशी, मी टेबलावर कॉफी ओतत होते तेव्हा पॅप आत आले. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. त्यांनी खुर्चीवरची टोपी उचलून हॉबर्टच्या डोक्यावर घातली आणि बसले.

"आज आकडा नाही," ते म्हणाले. "आज माझ्याकडून."

"का रे, लॉटरी लागली?" हॉबर्टनं विचारलं आणि डोक्यावरची टोपी सरळ केली. "मग मला बिस्किटांची अजून एक प्लेट, ग्लेना. आणि याच्या पैशानं हॅम पण."

खाणं होईपर्यंत पॅप गाईंविषयी, हवेविषयी, कुणाच्या तरी नव्या ट्रकविषयी बोलले. बिस्किटं दोन्ही संपवली. मग मी बिल आणलं, तेव्हा त्यांनी नेहमीसारखं झटकन पाकीट काढलं आणि कार्ड माझ्या हातात दिलं. खात्यात काही नाही हे त्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. गॅसवाल्याची उरलेली टाकी त्यांनी गेल्याच आठवड्यात भरून घेतली होती.

"पॅप..." मी हळूच म्हणाले.

"चालव."

"पण..."

"चालव म्हटलं ना, पोरी."

मी कपाटामागे गेले. एप्रनच्या खिशात माझे पैसे होते. खिशाला हात लावू नये म्हणून मी एका हातानं दुसरा हात धरून ठेवला आणि मशीनचा विचार होऊ दिला. मशीनला विचाराला फार वेळ लागला नाही. मी कार्ड घेऊन परत आले.

"काय म्हणालं?" पॅपनी विचारलं.

"नाही म्हणालं."

"मोठ्यानं सांग. व्हर्जिलला ऐकू आलं नाही."

"नाही म्हणालं, व्हर्जिल!"

आता मात्र सगळ्या हॉटेलाला ऐकू आलं. ओपल स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोकावली. पॅपचे कान लाल झाले होते, पण ते खुर्चीत मागे टेकून बसले.

"उद्या बुधवार," ते म्हणाले. "उद्या हो म्हणेल. उद्या मी येऊन ओपलचे पैसे देईन. आज खात्यात नाहीत. पूर्वी नसले तरी बँक हो म्हणायची आणि प्रत्येक वेळी माझे पस्तीस डॉलर कापायची. तुम्ही लेकांनो जानेवारीत जी अंडी खाल्लीत ना, ती माझ्या गॅसच्या टाकीतली होती. मी घरात टोपी घालून बसलो होतो. मग मी जाऊन सांगितलं, की आता खोटं हो म्हणायचं नाही. ग्लेनाला ते बघवलं नाही, म्हणून तिनं आकड्यात लबाडी केली. तिला कुणी काही बोलायचं नाही. झालं. आता हसायचं असेल तर हसा."

कुणी हसलं नाही. पॅपना ज्याची भीती होती ती नजर त्या क्षणी तिघांच्या डोळ्यांत येऊ घातली होती, मला दिसत होती. आणि मग हॉबर्टनं, देव त्याचं भलं करो, टेबलावर मूठ आपटली.

"म्हणजे मी हॅम मागवलं ते उधारीवर?"

"हो."

"दुसरी प्लेट बिस्किटं मागवली, पोट फुटायला आलं तरी खाल्ली, फुकट आहेत म्हणून... आणि हा म्हणतो बुधवारी देतो!"

"तुला कुणी सांगितलं होतं बकासुरासारखं खायला?"

"अरे, टोपी घालून बसलास तर फोन करायचा ना, गाढवा! माझ्याकडे दोन खोल्या गरम करून रिकाम्या पडल्यात!"

"तुझ्या घोरण्याच्या शेजारी झोपण्यापेक्षा मी गारठून मेलेलं बरं."

"काय म्हणाला तो?" व्हर्जिलनं विचारलं.

"म्हणाला, मरतो," रॉस्कोनं त्याच्या चांगल्या कानात सांगितलं.

"आज नको," व्हर्जिल म्हणाला. "उद्या याला ओपलचे पैसे द्यायचेत."

तेव्हा मात्र सगळे हसले, पॅप सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत जास्त वेळ. ओपलनं खिडकीतून ओरडून सांगितलं, की बुधवार तर बुधवार, पण आता टेबल मोकळं करा, लोक उभे आहेत. टेबल अर्थातच कुणी मोकळं केलं नाही. हॉबर्टला बँकेत काय झालं ते सगळं ऐकायचं होतं, आणि पॅपनी सांगायला सुरुवात केली.

मी शेजारचं टेबल पुसता पुसता ऐकत होते. त्या गोष्टीत पॅप बँकेत शिरले तेव्हा मॅनेजर खुर्चीतून उठून उभा राहिला. पॅपनी कार्ड त्याच्या टेबलावर फेकलं. त्याला घाम फुटला. त्यानं शहरातल्या मोठ्या साहेबाला फोन लावला, मोठ्या साहेबानं त्याच्याहून मोठ्या साहेबाला लावला, आणि शेवटी मॅनेजर हात जोडून म्हणाला, मिस्टर एल्झी, आम्हाला सोडून जाऊ नका. मकेनाचा पत्ता नव्हता. माझाही नव्हता. टोपण काढून परत लावलेल्या पेनाचा तर नव्हताच नव्हता. इतकी वर्षं त्या टेबलावर बसून पॅपनी सांगितलेली ही पहिलीच धड थाप असेल. हॉबर्ट डोळे मिटून ऐकत होता.

रॉस्को मधेच उठला आणि गल्ल्याजवळ आला. दात कोरायच्या काड्यांशी चाळा करत उभा राहिला.

"ग्लेना," तो म्हणाला, "तो मॅनेजर खरंच तिथे बसतो का?"

"नाही. काउंटरवर मकेना असते. तिला सांगायचं."

"काय सांगायचं?"

मी उत्तर देणार तेवढ्यात पॅप त्याच्या मागे येऊन उभे राहिले, कोट चढवत. गोष्ट कधी संपली ते मला कळलंच नव्हतं.

"तुला एकट्याला नाही जमायचं," ते रॉस्कोला म्हणाले. "ती विचारते, नक्की ना? तिथे माणूस डगमगतो. चल, मी येतो."

"आत्ता?"

"मग काय, अजून एक पाव घेतल्यावर?"

बँक उघडायला अजून वेळ होता. मी कचऱ्याची पिशवी टाकायला बाहेर गेले, तेव्हा समोरच्या फुटपाथला, बँकेच्या दारातच, पॅपची गाडी उभी होती. काचा आतून वाफेनं धूसर झाल्या होत्या. आत दोन टोप्या दिसत होत्या. दोघं एकमेकांकडे न बघता समोर बघून बोलत होते, आणि या वेळी जास्त रॉस्कोच बोलत होता.